साइडपट्टी कोरली की डांबर का फुटतं? रस्त्याखालच्या मातीची ‘आवळ’ समजून घ्या

सोलापूर : पाऊस उघडतो, कारखान्यांची धुराडी पेटतात आणि उसाच्या ट्रॉल्या गावोगावच्या रस्त्यांवर येतात. माढा असो, मोहोळ असो, पंढरपूर असो की माळशिरस, त्या दिवसांत एक गोष्ट सगळीकडे सारखीच दिसते. रस्ता मधून बरा असतो, पण कडेनं फुटायला लागतो. आधी डांबराला कडेकडेनं लांब चीर पडते. मग हातभर रुंदीचा पट्टा खाली बसतो. मग त्याचे तुकडे निघतात आणि मोटरसायकलवाला मधोमध चालायला लागतो.

पारावर निकाल ठरलेला असतो : “डांबर कमी टाकलं.” काही ठिकाणी ते खरंही असतं. पण कडेनं फुटणाऱ्या रस्त्याचं दुखणं बऱ्याचदा डांबरात नसतं, ते डांबराच्या खाली आणि बाजूला असतं. रस्त्याखालची माती किती कडक राहणार हे फक्त मातीच्या जातीवर ठरत नाही. तिला चारी बाजूंनी किती आवळून धरलंय, यावर ते ठरतं. इंजिनिअर याला ‘कन्फायनिंग प्रेशर’ म्हणतात. आपण या लेखापुरतं त्याला ‘आवळ’ म्हणू.

ज्वारीचं पोतं बघा, सगळं कळेल

खळ्यावर ज्वारीची रास पडली आहे. तिच्यावर पाय ठेवला की पाय घोट्यापर्यंत आत जातो, दाणे बाजूला सरकतात. आता तीच ज्वारी पोत्यात गच्च भरा आणि तोंड शिवा. त्या पोत्यावर तुम्ही उभे राहू शकता, वर आणखी आठ पोत्यांची थप्पी लावू शकता. दाणा तोच आणि वजनही तेच, मग फरक कुठून आला? पोत्याचं कापड दाण्यांना बाजूला पळू देत नाही. दाणे एकमेकांवर घट्ट दाबले जातात, घासतात, अडकतात आणि सगळं मिळून एक कडक ठोकळा तयार होतो.

मुरूम, खडी आणि वाळू यांचंही असंच आहे. हे कण एकमेकांना चिकटलेले नसतात. त्यांची सगळी ताकद एकमेकांवर घासण्यात आहे आणि घासायला दाब लागतो. बाजूनं दाबणारं कोणी नसेल तर चाक आलं की कण बाजूला सरकतात आणि चाकोरी पडते. प्रयोगशाळांतल्या चाचण्यांचा ढोबळ हिशेब असा निघतो की खडी-मुरमावरची आवळ चौपट झाली तर तिचा कडकपणा साधारण दुप्पट होतो.

इथं ताकद आणि कडकपणा यातला फरकही लक्षात घ्यावा लागेल. माती कधी मोडेल हे ताकदीवरून कळतं. एका चाकाखाली ती किती लवते आणि चाक गेल्यावर किती वर येते, हे कडकपणावरून कळतं. गावरस्ता एका ट्रॉलीनं मोडत नाही. हजार वेळा थोडा थोडा लवल्यानं वरचं डांबर चिरतं, जशी तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते. म्हणून रस्त्यासाठी कडकपणा महत्त्वाचा.

मोजतात कसं?

मातीची एक नळकांडी बनवतात, तिला रबरी पिशवी घालतात आणि बंद भांड्यात ठेवतात. भांड्यातला दाब वाढवला की मातीला चारी बाजूंनी आवळ बसते. मग वरून चाकासारखे ठोके देतात : एक दशांश सेकंद दाब, नऊ दशांश सेकंद विश्रांती, असं पुन्हा पुन्हा. माती किती लवून परत आली ते मोजतात. रस्त्याखालच्या मातीसाठी अमेरिकेतल्या प्रमाणित चाचणीत आवळ तीन पायऱ्यांची ठेवतात : ४१.४, २७.६ आणि १३.८ किलोपास्कल. आपल्या भाषेत दर चौरस सेंटिमीटरला अंदाजे ४२०, २८० आणि १४० ग्रॅम.

इतकी कमी का? कारण रस्त्याखाली खरी आवळ कमीच असते. ३० सेंटिमीटर दाबलेल्या मुरमाच्या खाली, नुसत्या वरच्या वजनामुळं बाजूनं मिळणारी आवळ चौरस सेंटिमीटरला जेमतेम ३० ग्रॅम भरते. आणि ट्रकचं चाक डांबरावर दाबतं ते चौरस सेंटिमीटरला साडेपाच किलोच्या वर. खाली जाताना हा दाब पसरून कमी होतो, हे खरं. तरीही माती तग धरते, कारण चाक आलं की शेजारची माती उलट दाबते आणि तेवढ्यापुरती आवळ वाढते. पण त्यासाठी शेजारी माती असायला हवी!

लोखंडी साचा आणि आपली साइडपट्टी

आपल्याकडं गावरस्त्याची जाडी ठरवताना ‘सीबीआर’ चाचणी करतात. कॅलिफोर्नियातल्या रस्ते विभागानं जवळपास शंभर वर्षांपूर्वी ती शोधली, म्हणून ते नाव. १५ सेंटिमीटर व्यासाच्या लोखंडी साच्यात माती ठोकून भरतात, वर वजनाच्या चकत्या ठेवतात, चार दिवस पाण्यात बुडवतात आणि मग ५० मिलिमीटर जाडीचा दांडा हळूहळू आत दाबतात. किती जोर लागला त्यावरून आकडा निघतो. ग्रामीण रस्त्यांच्या मार्गदर्शिकेत सीबीआर २ म्हणजे अतिशय कमकुवत, ३ ते ४ म्हणजे कमकुवत, ५ ते ६ मध्यम, ७ ते ९ चांगली अशी प्रतवारी आहे. आपली भिजलेली काळी माती बहुतेक पहिल्या दोन वर्गांतच बसते.

यातला साचा नीट बघा. प्रयोगशाळेत मातीला चारी बाजूंनी लोखंड धरून असतं. गावात रस्त्याखालच्या मातीला लोखंड कुठलं? तिथं हे काम साइडपट्टी करते. प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेच्या नेहमीच्या रस्त्यात डांबर ३.७५ मीटर रुंद असतं, पण रस्त्याची एकूण रुंदी ७.५ मीटर धरलेली असते. म्हणजे दोन्ही बाजूंना जवळपास पावणेदोन-दोन मीटर मुरमाची साइडपट्टी. ही जागा वाहन थांबवायला आहे, समोरून आलेल्याला वाट द्यायला आहे आणि डांबराखालच्या थरांना बाजूनं आवळून धरायलाही आहे. ती गेली की साच्याची एक भिंतच काढल्यासारखं होतं.

आता ऊसहंगाम आठवा. दोन मोठी वाहनं समोरासमोर आली की ३.७५ मीटरमध्ये बसत नाहीत. कोणीतरी एक चाक खाली घालतो आणि नेमकं सगळं वजन डांबराच्या काठावर येतं. रस्त्याच्या मध्यावर चाक असलं तर मातीला दोन्हीकडून आधार असतो, काठावर असलं तर एकाच बाजूनं. साइडपट्टी वीतभर खाली गेलेली असेल किंवा कोरलेली असेल तर तोही आधार जातो. मग चीर पडणारच.

वजनाचाही हिशेब साधा नाही. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० मध्ये मुद्दाम रस्ते बांधून त्यांच्यावर ट्रक चालवले गेले. त्यातून नियम निघाला की आसाचं वजन दुप्पट झालं तर रस्त्याचं नुकसान दुप्पट होत नाही, अंदाजे सोळा पट होतं.

काळी माती : पिकाला सोनं, रस्त्याला संकट

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात पाण्याची पाळी न देता रब्बीची ज्वारी येते. तिला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. कारण एकच, ही माती पाणी धरून ठेवते. हाच गुण रस्त्याच्या मुळावर येतो. दख्खनच्या काळ्या कातळापासून झालेल्या या मातीत असा चिकण खनिज असतो की पाणी पिऊन माती फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात रानाला पाय अडकेल अशा भेगा पडतात, त्या याच कारणानं.

वाळलेलं काळं ढेकूळ दगडासारखं का लागतं? त्याला बाहेरून तर कोणी आवळत नाही. आवळ आतून असते. माती वाळताना कणांमधलं उरलंसुरलं पाणी कणांना एकमेकांकडे ओढतं. ही ओढ म्हणजे फुकटची आवळ. पाऊस पडला, पाणी शिरलं की ती ओढ सुटते आणि तेच ढेकूळ लोणी होतं.

इथं एक धडा आहे. भिजून गच्च झालेल्या चिकण मातीला बाहेरून कितीही आवळलं तरी फारसा उपयोग होत नाही, कारण तो दाब कणांपर्यंत पोचत नाही, मधलं पाणीच तो झेलतं. पाण्यानं भरलेला फुगा दाबून बघा, तो कडक होत नाही, नुसता दुसरीकडं सरकतो. म्हणून मुरूम-खडीला आवळ हवी आणि काळ्या मातीला आधी कोरडेपणा हवा. चारी बुजली, मोरी तुंबली, रस्त्याच्या कडेला पाणी साचलं की खालची माती आवळ गमावते. वर किती जाड डांबर आहे याला मग अर्थ राहत नाही.

आणि खालची माती ढिली पडली की वरची खडीसुद्धा ढिली पडते. महामार्गांच्या आखणीसाठी भारतीय रस्ते महासभेची ‘आयआरसी-३७’ ही मार्गदर्शिका आहे. तिच्या सूत्रानं हिशेब केला तर सीबीआर ३ च्या मातीचा कडकपणा ३० मेगापास्कल धरतात आणि तिच्यावरच्या ३० सेंटिमीटर खडी-मुरमाच्या थराचा सुमारे ७८. खाली सीबीआर ८ ची माती असेल तर तिचा ६६ आणि त्याच ३० सेंटिमीटर थराचा १७० च्या वर. खडी तीच, जाडी तीच, तरी कडकपणा दुपटीहून जास्त! कारण खाली मऊ असलं की खडीचा तळ पसरतो आणि तळ पसरला की खडीची आवळ सुटते.

मग जाळी कशाला?

अलीकडं काही कामांच्या अंदाजपत्रकात ‘जिओग्रिड’, ‘जिओटेक्स्टाइल’ असे शब्द दिसतात. गावात चर्चा होते की प्लास्टिक टाकून पैसे खातात. काम चोख झालं तर हे साहित्य नेमकं आवळीचंच काम करतं. त्याचे तीन प्रकार समजून घ्या.

पहिला प्रकार कापडाचा, म्हणजे जिओटेक्स्टाइल. हे काळी माती आणि मुरूम यांच्यामध्ये अंथरतात. ते नसेल तर खडी चिखलात रुतते आणि चिखल खडीत वर चढतो. तीस सेंटिमीटर टाकलेला थर दोन पावसाळ्यांत वीस भरायला लागतो. कापड पाणी जाऊ देतं, चिखल अडवतं.

ही कल्पना सोलापूरच्या माणसाला परकी वाटायला नको. रस्त्यात कापड घालण्याचा पहिला गाजलेला प्रयोग १९२६ मध्ये अमेरिकेच्या साउथ कॅरोलिना राज्यात झाला आणि तो सुती कापडावरच होता. मातीच्या पायावर जाडं सुती कापड अंथरून वर गरम डांबर आणि वाळू टाकली. कापड कुजेपर्यंत रस्ता चांगला राहिला. आता कुजू नये म्हणून पॉलिप्रॉपिलीन, पॉलिस्टर वापरतात.

दुसरा प्रकार जाळीचा, म्हणजे जिओग्रिड. हिची भोकं खडीच्या मापाची असतात. खडी भोकात अडकते. चाक आलं की खडीला बाजूला पळायचं असतं, पण जाळी ताणली जाते आणि तिला मागं खेचते. पोत्याच्या कापडानं ज्वारीला धरावं तसंच हे आहे. जाळी स्वतः वजन उचलत नाही, ती फक्त आवळ पुरवते. म्हणून ती खडीच्या थरात किंवा त्याच्या तळाशी हवी. नुसत्या चिकण मातीत पुरली तर भोकात अडकायला काही नसतं.

तिसरा प्रकार मधाच्या पोळ्यासारख्या कप्प्यांचा, म्हणजे जिओसेल. प्लास्टिकच्या उभ्या पट्ट्या जोडून वीतभर खोलीचे कप्पे करतात, त्यात मुरूम भरून दाबतात. प्रत्येक कप्पा म्हणजे एक छोटं पोतं. १९७० च्या दशकात अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी किनाऱ्यावरच्या सुट्या वाळूतून जड गाड्या न्यायला ही युक्ती शोधली.

चाचण्यांतून दिसलेली एक गोष्ट गावरस्त्यासाठी फार कामाची आहे. बाहेरची आवळ कमी असते तिथं जाळीचा फायदा सर्वांत जास्त मिळतो. आवळ आधीच भरपूर असेल तर जाळीनं पडणारा फरक कमी होत जातो. जो आधीच गच्च धरलेला आहे त्याला आणखी एका दोरीनं काय फरक पडणार? गावरस्त्याचे थर पातळ, खोली कमी, कडा मोकळ्या, म्हणजे आवळ कमी. त्यामुळं जाळीला तिथं काम भरपूर आहे.

पण जाळीच्या मर्यादाही आहेत. तिचा परिणाम तिच्या आसपासच्या थरावरच होतो, चार हात खाली नाही. ती सैल, सुरकुतलेली अंथरली तर ताण घ्यायच्या आधीच खडी सरकून जाते. आणि पाणी अडलेलं असेल तर जाळी मातीला कोरडं करत नाही. चुन्याचा मार्ग वेगळा आहे : काळ्या मातीत योग्य प्रमाणात चुना मिसळून दाबला की मातीचा स्वभावच बदलतो, फुगणं कमी होतं. थोडक्यात, चुना मातीला आतून सुधारतो आणि जाळी खडीला बाहेरून धरते. चारी उघडी नसेल तर पैसे दोन्हींचे वाया.

साइडपट्टी कोण कोरतं?

ठेकेदारानं साइडपट्टीचा मुरूम खाल्ला, ही तक्रार अनेक गावांत होते आणि तपासलीच पाहिजे. पण आपण शेतकऱ्यांनीही आपल्याकडं बघायला हवं. बांध कोरायची सवय रस्त्यापर्यंत पोचली आहे. नांगर डांबराला टेकेपर्यंत नेतो. रानातली माती चारीत ढकलतो. पाइपलाइन न्यायची म्हणून डांबराच्या कडेनं चर खणतो आणि निघालेली काळी मातीच भसाभस परत लोटतो. पाणीयोजनेचे पाइप आणि फोनच्या केबलींचे चरही तसेच बुजवले जातात.

डांबरापासून फूटभर अंतरावर कमरेइतका चर खणला म्हणजे रस्त्याच्या थरांना तिकडून उघडा कडा मिळाला. ढिली माती भरली तर ती आवळ देत नाही, उलट पाणी पिते आणि ते पाणी रस्त्याच्या पोटात सोडते. साइडपट्टीत काळी माती भरण्याचा तोटाही हाच. खडीच्या थरात शिरलेलं पाणी बाहेर पडायला वाट लागते. कडेला काळ्या मातीची भिंत झाली की रस्त्याच्या पोटात हौद तयार होतो. म्हणून साइडपट्टी मुरमाचीच हवी आणि तिचा उतार डांबराच्या उतारापेक्षा जास्त हवा.

गावकऱ्यांनी काय बघावं?

• अंदाजपत्रक मागा. माहिती अधिकारात ते मिळतं. त्यात मातीचा सीबीआर किती धरलाय आणि तो भिजवून काढलेला आहे का, ते बघा. साइडपट्टीचा मुरूम आणि त्याची दबाई हा रस्त्याच्या कामाचाच भाग आहे, उपकार नाही.

• डांबर पडायच्या आधी जा. थर उघडे असतात तेव्हाच जाडी मोजता येते. मोबाइलवर टेप लावून फोटो काढा.

• कापड किंवा जाळी असेल तर ती झाकायच्या आधी बघा. ताणून, खिळ्यांनी धरून अंथरली आहे का? दोन पट्ट्या एकमेकींवर किमान फूटभर चढवल्यात का? मऊ जागी त्याहून जास्त लागतं. उघड्या जाळीवर डंपर किंवा ट्रॅक्टर वळवू देऊ नका, आधी तिच्यावर खडी-मुरमाचा थर पडू द्या.

• साइडपट्टीवर रोलर फिरला का? पहार सहज आत जात असेल तर ती साइडपट्टी नाही, ढिगारा आहे.

• चर खणायचाच असेल तर परवानगी घ्या, डांबरापासून जमेल तितका लांब घ्या, मुरमानं वीत-वीतभराचे थर टाकून प्रत्येक थर ठोकून बुजवा.

• दिवाळीच्या आत, ट्रॉल्या सुरू व्हायच्या आधी, ग्रामपंचायतीनं चाऱ्या आणि मोऱ्या मोकळ्या करून घ्याव्यात. डांबरापेक्षा खाली गेलेली साइडपट्टी मुरूम टाकून वर आणावी.

• प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेचा रस्ता असेल तर काम झाल्यापासून पाच वर्षं देखभाल ठेकेदाराकडंच असते. फलकावरची तारीख बघा. या योजनेच्या रस्त्यांसाठी ‘मेरी सडक’ ॲपवर फोटोसह तक्रार करता येते.

पाणंद रस्त्यांनाही हाच नियम लागू आहे. नुसता मुरूम काळ्या मातीवर ओतला तर पहिल्याच पावसात तो गिळला जातो. आधी दोन्ही बाजूंना चारी, मग मातीला मधून उंची, मग मुरूम पूर्ण रुंदीत आणि दाबून, असा क्रम ठेवला तर तोच मुरूम जास्त टिकतो.

रस्ता फुटला की दूधगाडी उशिरा येते, डाळिंबाचे क्रेट आपटतात, रुग्णवाहिका गावाबाहेर अडखळते. नवीन डांबरासाठी निवेदन द्यायचं तर जरूर द्या. पण दोन ब्रास मुरूम आणि एक उघडी चारी यांनी जे वाचतं, त्यासाठी पुढच्या मंजुरीची वाट बघत बसू नका. मुरमाची ती दोन मीटरची पट्टी कोणाच्या सातबाऱ्यावर चढवायची नाही, एवढं गावानं ठरवलं तरी रस्त्याचे दोन-चार पावसाळे वाढतील.